बैल परत आलाय, आता झोपा बांध

पत्र लांबलचक होतं, ते थोडं आखडून देतो.

"काका, नमस्कार. मी रत्नागिरीचा, वय ३४. मला अरेतुरेच करा. अडीच वर्षं खपून मी एका जुन्या टाटा ४०७ मालट्रकवर राहता ट्रक बांधला. आत दोन बंक, ओटा, फ्रिज, टपावर चार सोलर पॅनल. नाव ठेवलं 'गलबत'. फेब्रुवारीत आंबोळगडच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, गाडी लावली होती. बायकोला ताप भरला म्हणून त्या रात्री खाली गावात खोली घेऊन झोपलो. सकाळी सहाला वर गेलो तर नुसता टायरांचा माग. दुपारपर्यंत मित्रांना घेऊन बाइकवर शोधत फिरलो, मग पोलिसांत गेलो. तिथे 'उद्या या' झालं, एफआयआर दुसऱ्या दिवशी. अकराव्या दिवशी गाडी एका बंद चिरेखाणीत सापडली. लिथियम बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पॅनल, फ्रिज, स्टेपनी सगळं काढून नेलेलं. गाडी अजून ठाण्याच्या आवारातच आहे. इन्शुरन्सवाले फोनवर म्हणतात, आतलं सामान पॉलिसीत नाही. दुसरी किल्ली मी पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली ठेवायचो, आणि ते बॉडी बांधून देणाऱ्या माझ्या मित्राला माहीत होतं. त्याच्यावर संशय येतो, पुरावा काही नाही. बायको म्हणते विकून टाक. काय करू? आणि ठेवलीच तर पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?"

अरे, पत्रावर तारीख २२ एप्रिल आहे. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एक सांग: पॅनल उचकटले तिथे टपाला भोकं राहिलीत ना? चार पॅनल म्हणजे सोळाएक बोल्ट, शिवाय वायर आत घेतलेलं भोक वेगळं. मृग लागतो ७-८ जूनला. गाडी एक पावसाळा तशीच उघडी राहिली तर आतल्या प्लायचे पापड होतील, आणि चोराने ठेवलं ते पाऊस नेईल. ठाण्यांच्या मागे उभ्या असलेल्या गाड्या तू पाहिल्या असशीलच. खिडकीतून घाणेरी वर आलेली असते.

तेव्हा उद्याच एक साधा अर्ज लिही: गाडीवर ताडपत्री घालायची परवानगी मिळावी. दोन प्रती कर आणि एकीवर पोचेचा शिक्का घे. मात्र गाडीत शिरू नकोस, झाडलोट तर मुळीच नको. पंचनामा पूर्ण झालाय का, बोटांचे ठसे घेतलेत का, हे तपासी अंमलदाराला आधी विचार. नसतील घेतले तर अर्जातच तशी विनंती कर. बाहेरून चारी बाजूंचे, टपाचे आणि तुटलेल्या कुलपांचे फोटो मात्र काढून ठेव.

दुसरं काम वकिलाचं, तेही याच आठवड्यात. गाडी सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी सीआरपीसीची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची, ४५१ आणि ४५७ ही कलमं होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३. लोकांना वाटतं केस संपेपर्यंत गाडी मिळतच नाही. तसं नाही. जप्त केलेली वाहनं ठाण्यात कुजवू नका, फोटो आणि पंचनामा करून हमीवर मालकाच्या ताब्यात द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय. वकिलाला त्या निकालाची आठवण करून द्यायला लाजू नकोस. सोबत आरसी, विमा, तुझं ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत लागेल. ती प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

गाडी सुटते ती सुपूर्दनाम्यावर. म्हणजे तू लिहून देतोस की कोर्ट बोलावेल तेव्हा गाडी हजर करीन, आणि बहुधा हेही की कोर्टाच्या परवानगीशिवाय विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही. म्हणून दुरुस्तीची परवानगी त्याच अर्जात मागून घे. नाहीतर टपाची भोकं बुजवायला परत कोर्टाची पायरी चढशील. आणि विकायचं की ठेवायचं हा प्रश्न आजच्या घडीला तुम्हा दोघांच्याही हातात नाही, हे घरी सांग. निदान त्यावरून जेवताना भांडण नको.

आता इन्शुरन्स. फोनवरच्या 'नाही'ला कवडीची किंमत नाही, नकार लेखी मागव. तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर मात्र विषय तिथेच संपला. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर चोरीत मूळ गाडीचं झालेलं नुकसान, म्हणजे फोडलेलं लॉक, कापलेल्या वायरी, स्टेपनी, यावर तुझा हक्क आहे. आतल्या सामानाचं तसं नाही. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज हे विजेवर चालणारं सामान पॉलिसीत वेगळं दाखवून त्याचा जादा हप्ता भरावा लागतो. विम्याचे दर सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेले असायचे त्या 'टॅरिफ'च्या काळापासून चालत आलेला दर किमतीच्या ४ टक्के. म्हणजे लाखाच्या सामानाला वर्षाला चार हजार. तू ते दाखवलं नव्हतंस असं पत्रावरून दिसतं, तेव्हा त्या पैशांची आशा मी तुला लावत नाही.

आणखी एक मेख आहे. तुझ्या आरसीवर गाडी अजून मालवाहू आहे का? असेल तर कंपनी विचारणार की मालाच्या गाडीत बंक कसे काय. आरटीओच्या मंजुरीशिवाय बॉडी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही. गाडी सुटली की हे काम आधी उरक. एफआयआरला एक दिवसाचा उशीर झाला म्हणून घाबरू नकोस. चोरीची फिर्याद तत्परतेने दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. तुझ्या बाबतीत फिर्यादच दुसऱ्या दिवशीची आहे, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी ठाण्यात गेलो होतो हे तारीखवेळेसह लिहून दे. किल्लीचंही खरंच सांग. 'दोन्ही किल्ल्या घरीच होत्या' असं एकदा खोटं लिहिलंस की बाकीचं खरंही बुडतं. लेखी नकार पटला नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, फी नाही, वकीलही लागत नाही.

पोलिसांकडे पुरवणी जबाब देऊन गेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी सीरियल नंबरासह नोंदव. बिलं हरवली असतील तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळते. बॅटरीच्या वॉरंटीची नोंदणी फोनवरून केली असशील तर तो मेसेज शोध, त्यात नंबर असतो. तुझ्या जुन्या फोटोंतही बघ, इन्व्हर्टर बसवताना हौसेने काढलेल्या एखाद्या फोटोत पाठीमागचं स्टिकर आलेलं असेल. नंबर नसेल तर उद्या कुठल्या भंगारवाल्याकडे तुझी बॅटरी समोर दिसली तरी ती तुझी आहे हे सिद्ध कशावर करणार?

आता तुझ्या मित्राचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझे हात पोळलेत. मी वीस वर्षं आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवल्या. एका हंगामात आमचा ४०७ पालीच्या एका धाब्यासमोरून रात्रीत गेला. क्लीनर जेवायला उतरला होता आणि किल्ली त्याच्याकडे होती, एवढ्यावर मी चार माणसांसमोर त्याला चोर म्हणालो. पंधरा दिवसांनी गाडी कऱ्हाडच्या बाजूला मिळाली. चोर भलतेच निघाले, तारा जोडून नेली होती. पोरगा परत कामावर आला नाही. त्याची आई अजून बाजारात भेटते आणि माझ्याकडे न बघता पुढे जाते.

म्हणून सांगतो, पोलिसांना संशय देऊ नकोस, माहिती दे. किल्ली कुठे असते हे कोणाकोणाला ठाऊक होतं, याची यादी कर. त्यात मित्र आहे, तसा तुझा मावसभाऊही असेल, सर्व्हिसिंग करणारा पोरगाही असेल, ज्या होमस्टेवाल्यासमोर तू झाकण उघडून किल्ली काढलीस तोही असेल. ती यादी तपासी अंमलदाराला दे आणि गप्प बस. मित्राला स्वतः सांग: "यादीत तुझंही नाव दिलंय, माझंही आहे." गावच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकलंस तर अब्रुनुकसानीची केस तुझ्यावर होईल, आणि खरा चोर मजेत फ्रिज वापरत बसेल. एक गोष्ट मला खटकते तीही सांगतो. ज्याने बॉडी बांधली त्याला पॅनलचे बोल्ट कुठून सुटतात ते माहीत असतं. तुझ्या टपावरचे बोल्ट पान्याने सोडलेत की पत्र्यासकट उचकटलेत? नीट सोडले असले तरी तो पुरावा नव्हे, पण फोटोत ते स्पष्ट दिसू दे.

सकाळी सहा ते दुपार तू बाइकवर फिरलास. त्याबद्दल रागावत नाही, मीही तेच केलं असतं. पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. कोकणात गाडी चोरणाऱ्याला पळायला वाटा फार नसतात. पश्चिमेला समुद्र. राजापूर तालुक्यातून देशावर चढायला अणुस्कुरा, उत्तरेला आंबा घाट, दक्षिणेला भुईबावडा आणि करूळ, नाहीतर हायवे धरून सरळ मुंबई किंवा गोवा. टपावर घर घेतलेला जुना ४०७ अणुस्कुऱ्याला दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढतो. म्हणजे पहिला फोन ११२ ला: नंबर, रंग, टपावर काय आहे, शेवटची कधी पाहिली, आणि नाकाबंदीची स्पष्ट विनंती. त्याआधी दोन मिनिटांत एवढंच बघायचं की हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी तर उचलली नाही. दुसरे फोन ओणी, साखरपा, वैभववाडी इथले पेट्रोलपंप आणि चहाच्या टपऱ्या, कोणी ओळखीचं असेल तर. फास्टॅग लगेच बंद करू नये. चोराने तो फाडला नसेल तर किणी किंवा तासवड्याच्या टोलनाक्यावर पैसे कटल्याचा मेसेज तुझ्याच फोनवर येतो, आणि गाडी कुठल्या दिशेने गेली ते फुकटात कळतं.

हद्दीच्या कारणावरून एफआयआर नाकारता येत नाही. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात ते लिहिलेलं आहे. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. 'उद्या या' म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं. हा आग्रह नुसता विम्यासाठी नाही. चोरीची गाडी बांद्यापलीकडून गोव्याची दारू आणायला वापरली, किंवा कोणाला ठोकर मारून पळाली, तर पहिला फोन आरसीवरच्या मालकाला येतो. चोरीची वेळ आधी नोंदलेली असेल तर तू वाचतोस.

आणि फोटो पसरवताना गाडीची एखादी खूण राखून ठेवायची, कोणाला न सांगता. आतल्या दाराच्या मागे खरवडलेलं मुलीचं नाव, ओट्याखालचा वेगळ्या रंगाचा स्क्रू, असं काहीतरी. कारण फोन येतात. "गाडी सापडलीय, डिझेलला पाच हजार पाठवा." त्याला खूण विचारायची. तुलाही असे दोन आले म्हणतोस, पैसे पाठवले नाहीस हे बरं केलंस.

आता पुढचं. 'बैल गेला आणि झोपा केला' म्हणतात. झोपा म्हणजे गोठ्याचं झापाचं दार. तुझा बैल परत आलाय, हाडं निघालेली का होईना, तेव्हा झोपा बांधायला हरकत नाही.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाचं एक लक्षात घे. त्याला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहतं. म्हणून पेट्रोल गाडीसारखा इग्निशनच्या वायरीत चोरस्विच बसवून फारसं काही होत नाही, उतारावर ढकलून दुसऱ्या गियरला क्लच सोडला की गाडी सुरू. अडवायचं ते डिझेल. टाकीकडून येणाऱ्या लाइनीत, सहज हात जाणार नाही अशा जागी पितळी कॉक बसवून घे. कॉक बंद असला तरी फिल्टर आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं, गाडी थोडं अंतर जाते आणि गचके खात बंद पडते. त्यानंतर लाइनीत हवा धरते. ती काढायला पाना, उजेड आणि सवड लागते, चोराकडे यातलं शेवटचं नसतं. सकाळी तू स्वतःच कॉक उघडायला विसरशील आणि बायकापोरांसमोर हवा काढत बसशील, हे मात्र एकदा होणारच. चालत्या गाडीचं इंजिन मोबाइलवरून बंद करणारं यंत्र विकतात, ते नको. घाटात इंजिन गेलं की ब्रेकचा बूस्टरही जातो, आणि समोरून एसटी येत असते.

गाडी लावताना तोंड चढाला, भिंतीला किंवा झाडाला. दार उघडून ढकलून नेता येईल अशी उतारावर कधीच नाही. स्टिअरिंगला लोखंडी दांडा आणि चाकाला जॅमर लाव, फार विचार करायची गरज नाही. फक्त आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात स्वस्त कुलपं चार महिन्यांत धरतात. पितळी घे, ग्रीस भर आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढव.

जीपीएस लाव, पण दोन. एक डॅशबोर्डखाली, सापडेल असा. चोराने तो तोडून फेकला की त्याला वाटतं काम झालं. दुसरा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, फायबरच्या किंवा लाकडाच्या आड. लोखंडी पेटीत ठेवलास तर त्याला आकाशच दिसणार नाही. सिम घेताना दुकानदार देईल ते घेऊ नकोस. बरेच स्वस्त ट्रॅकर टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाही. आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिही. तू पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात कबूल केलंयस की ट्रॅकर होता, रिचार्ज संपला होता. ब्लूटूथचे छोटे टॅग आपल्या सड्यांवर कामाचे नाहीत, त्यांना आसपास लोकांचे फोन लागतात.

नव्या बॅटऱ्या येतील तेव्हा त्या खालून चौकटीला बोल्टने आवळ आणि बोल्टची डोकी वेल्डिंगच्या टाक्याने बंद कर. पॅनलच्या फ्रेमवर, काचेवर नाही, एमएच-०८ पासून पूर्ण नंबर कोरून घे. काचांवरही नंबर कोरून मिळतो. नंबर कोरलेला माल भंगारात निम्म्या भावालाही कोणी घ्यायला बघत नाही.

पण खरं सांगू का, तुझी चूक किल्लीची जेवढी, तेवढीच जागेची. तू आंबोळगडला गेलास, खोली घेतलीस, आणि गाडी वर एकटी सोडलीस. अशी गाडी लपवून जपता येत नाही. अख्ख्या जिल्ह्यात तशी दुसरी नाही, हीच तिची राखण. चिरेखाणीत ती ओळखली कोणी? तूच लिहिलंयस, जवळच्या कलमांच्या बागेतल्या राखणीच्या गुरख्याने, ग्रुपवरचा फोटो पाहून. चोरांनी पाट्या काढल्या होत्या, नावावर काळा रंग फासला होता, तरी त्याने टपाच्या आकारावरून ओळखली. तेव्हा पुढच्या वेळी गावात शिरल्यावर आधी चार माणसांना भेट. देवळाच्या आवारात लावायची तर गुरवाला विचार, नाहीतर होमस्टेच्या अंगणात, पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली, नाक्यावरच्या दुकानासमोर. शंभर-दोनशे रुपये जातील. पोरं 'आतून बघू?' म्हणत येतील, त्यांना बघू दे. फक्त बॅटरीचा कप्पा उघडून दाखवू नकोस, आणि किल्लीची जागा तर नाहीच. दुसरी किल्ली घरी, देवघराच्या खणात. गाडीत नाही, चाकावर नाही, टाकीच्या झाकणाखाली नाही.

बायकोचं 'विकून टाक' मी वेगळं वाचतो. त्या रात्री तिला ताप नसता तर तुम्ही गाडीत झोपलेले असता, आणि दार बाहेरून कोणीतरी हलवलं असतं. ती हे तुला बोलली नसेल. विचार तिला. पुन्हा त्यात झोपायला भीती वाटते म्हणाली, तर आतून लागणारा भक्कम अडसर आणि बंकजवळ हॉर्नचं बटण हे दोन्ही कॉकच्याही आधी कर. आणि तरी नकोच म्हणाली, तर कोर्टाची परवानगी घेऊन विका, मी तुला नावं ठेवणार नाही.

ताडपत्री वीस बाय पंधराची घे, टपाच्या खाली दोन हात उतरेल अशी. नायलॉनची दोरी घरूनच ने.